प्रश्न बदलून विचारणारा

आमच्या दादाच्या तोंडून फोनवर हॅलो कधी ऐकलं नाही मी. "कुठं हायेस?" इथून सुरुवात. मग "उभी का बसलेली?" आणि मग "जेवलीस?" ही उत्तरं मिळाल्याखेरीज माणूस पुढे सरकायचा नाही. एकदा आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद होती, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन मी जिना चढत होते आणि ह्याचा फोन. म्हटलं, "जिन्यात आहे, जेवलेली नाही आणि जाम वैतागलेय. बोल." तर म्हणतो, "मंग नाय बोलत. वर जा, पानी पी, बस, मंग फोन कर." आणि ठेवला की फोन! मी तणतणत वर गेले, पाणी प्यायले, बसले, फोन लावला. बातमी अशी होती की ज्या कामावर मी इतके दिवस राबले होते ते क्लायंटनं रद्द केलं होतं. तो हळूच म्हणाला, "जिन्यात सांगितलं असतं तर पिशव्या सोरल्या असत्यास." खरंच सोडल्या असत्या.

आता त्याचा फोन येत नाही. मी केला तर उचलतो, पण विचारत काही नाही. "बोल," एवढंच म्हणतो. इतकी वर्षं ज्या प्रश्नांनी मी वैतागायचे ते आता कुणीतरी विचारावेत म्हणून जीव तुटतो माझा. असो.

त्याचं वय काय होतं देव जाणे. केस गेलेले, मिशा मात्र काळ्याकुळकुळीत. तळवलीचा, म्हणजे नवी मुंबई व्हायच्या आधीपासून इथे असलेल्या गावातला. मी सांगलीची, जीभ फटकळ, आणि ऑफिसात पहिल्या दिवशी मोठ्या आदरानं "अहो सर" म्हणाले तर त्यानं चक्क मागे वळून पाहिलं. "कोन सर? मना अहो-जाहो करू नको बाय. माज्या मागं कोन तरी उभा हाय असं वाटतं." झालं, त्या दिवसापासून तो दादा आणि मी बाय. इंग्रजी मीटिंगमध्ये तो इतकं स्वच्छ बोलायचा की अमेरिकेतली माणसं त्याचं वाक्य लिहून घ्यायची. फोन खाली ठेवला की पुन्हा "हाय" आणि "नाय".

आमचं काम काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर दादा कळायचा नाही. माझ्या सासूबाईंना ते मी कित्येकदा सांगून थकले होते. दादा एकदा आमच्या घरी, कोपरखैरण्याला, चहाला आला आणि बशीतला चहा संपायच्या आत त्यानं त्यांना समजावलं.

"मावशी, कम्प्युटरमध्ये डिस्क असते. तिच्यावर फायली कुठं ठेवायच्या, कशा शोधायच्या, मधेच लाइट गेली तर काय वाचवायचं, याची जी व्यवस्था, ती फाइलसिस्टीम. आता माजं तळवलीला घर हाय, वर भारेकरू हायेत. घर तेच. पन एकाला सांगितलं, भिंतीला खिळा मारायचा नाय. दुसऱ्याला सांगितलं, कोन आला-गेला त्याची नोंद ठेवायची नाय. तिसऱ्याला सांगितलं, कचरा साठवायचा नाय, झाला की लगेच टाकायचा. तशा डिस्क जोरतानाच तिला अटी घालतात. त्याला माउंट करनं बोलतात."

"आणि तुम्ही काय करता?" सासूबाईंनी विचारलं.

"आमी परीक्षा घेतो. ढिगानं परीक्षा लिहून ठेवल्यात लोकांनी. पन ज्याने लिहिली त्याच्या डोक्यात साधं घर होतं. भिंतीत खिळा मारून बघा, असा प्रश्न. तोच प्रश्न खिळ्याला बंदी असलेल्या घरात विचारला तर घर नापास. आता घर काय वाईट हाय का? प्रश्न भलत्या घरात गेला."

"मग काय, प्रश्न बदलायचा. एवढंच ना?"

"एवढंच," दादा डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "याच्यातच माजे केस गेले."

सासूबाई हसून हसून बेजार झाल्या. त्यानंतर त्या मला रोज विचारायच्या, "काय गं, आज कुणाचं घर नापास झालं?"

आता, नापास परीक्षा पास करून घेण्याच्या सोप्या युक्त्या आम्हा सगळ्यांना ठाऊक होत्या. सगळ्यात सोपी म्हणजे ह्या अटीत ही परीक्षा घेऊच नका, असं वर लिहून मोकळं व्हायचं. त्याला आमच्यात स्किप म्हणतात, दादा त्याला दांडी म्हणायचा. किंवा त्याहून निर्लज्ज प्रकार, जे उत्तर येतंय तेच बरोबर म्हणून लिहून टाकायचं. मॅनेजरला बोर्डावर लाल रंग दिसला नाही की तो खूश. मी नवीन असताना अशीच एक परीक्षा माझ्या वाट्याला आली. डिस्क अशा अटीवर जोडलेली की फाइल कुणी कधी वाचली ह्याची नोंद ठेवू नये. परीक्षेत मात्र फाइल वाचायची आणि वाचल्याची वेळ तपासायची. मी सरळ दांडी मारली आणि जेवायला गेले. परत आले तर माझ्या खुर्चीशेजारी दादा स्टूल ओढून बसलेला.

"ही परीक्षा विचारते काय?"

"वाचल्याची वेळ नोंदली जाते का ते."

"नाय. पुन्ना वाच."

मी पुन्हा वाचली. पुन्हा तेच उत्तर दिलं. तो "नाय" म्हणत राहिला आणि मी मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिले. संध्याकाळी कधीतरी माझ्या डोक्यात उजेड पडला. परीक्षेला वाचल्या-बिचल्याशी काही घेणंदेणं नव्हतं. मशीन अचानक बंद पडलं तर फाइलवर नोंदलेल्या वेळा टिकतात का, एवढंच तिला बघायचं होतं. लिहिणाऱ्याला वाचल्याची वेळ हाताशी सापडली म्हणून त्यानं ती वापरली. मी तिच्याऐवजी फाइल लिहिल्याची वेळ घेतली. परीक्षा पास. आणि पुढे त्याच परीक्षेनं, त्याच अटीत, एक खरीखुरी चूक पकडून दिली, जी माझ्या दांडीनं कायमची झाकली गेली असती. दादानं शाबासकी वगैरे काही दिली नाही. दुसऱ्या दिवशी डब्यातला सुका जवळा माझ्या ताटात वाढला. त्या वासापायी आमच्या मजल्यावरच्या निम्म्या लोकांनी त्याच्याविरुद्ध तक्रार केलेली होती आणि तो बिचारा जिन्याच्या पायरीवर बसून जेवायचा. मीही मग तिथेच बसायला लागले.

पास झाली म्हणजे काम संपलं असं मात्र नसायचं. आम्ही पिशव्या उचलून घरी निघालो की मागून आवाज यायचा, "बसा. आता मोरा." म्हणजे मोडा, त्या फाइलसिस्टीममध्ये मुद्दाम एक चूक घाला आणि तीच परीक्षा पुन्हा घ्या. आता ती नापास झालीच पाहिजे. नाही झाली तर तुम्ही प्रश्न बदलता बदलता त्यातला दम काढून टाकलात. "जी नापास होऊच शकत नाय ती परीक्षा नाय गो, नुसती शाबासकी हाय," असं म्हणायचा. आणखी एक खूळ म्हणजे परीक्षा संपली की सगळं होतं तसं ठेवायचं. तयार केलेल्या फायली पुसायच्या, डिस्क सोडवायची, विचारल्याचा मागमूस राहता कामा नये. हे खूळ त्याच्या अंगातच मुरलेलं होतं. कुणाच्या खुर्चीवर क्षणभर टेकला तरी उठताना तिची उंची पूर्ववत करायचा. लॅबच्या दाराशी चपला काढायचा. बाहेरच्या पावसाचं पाणी आत कशाला, म्हणायचा, अगदी मे महिन्यातही.

लग्न केलं नव्हतं. घरी तो आणि त्याची आई. बापजाद्यांची मिठागरं होती खाडीकाठी, ती शहरात गेली. त्याबदल्यात मिळालेल्या जागेवर त्यानं इमारत बांधली, वर भाडेकरू ठेवले आणि खाली हे दोघं. आईला तो आये म्हणायचा. म्हातारी बुटकी, काळीसावळी, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दंडाला चिमटा काढून म्हणाली, "बारीक हायेस गो. सासू जेवाया घालत नाय?" तिचं माहेर उरणजवळच्या मोऱ्याचं, भाऊ मच्छीमार. तो होडी घेऊन तिला माहेरी न्यायला यायचा, ह्या गोष्टी ती मला दरवेळी नव्यानं सांगायची. भाऊ वारून जमाना झाला होता. घरात कॅलेंडर होतं पण तिला वाचता येत नसे, लागतही नसे. तिथीवरून भरती-ओहोटीची वेळ ती चुटकीसरशी सांगायची.

मग एकेक व्हायला लागलं. चहात मीठ पडलं. रिकामं पातेलं गॅसवर जळत राहिलं. भाडेकरणीला तिनं मेलेल्या जावेच्या नावानं हाक मारली. दादा हे मला हसत हसत सांगायचा, पण डबा अर्धा ठेवायचा. आमच्या सेक्टरमध्ये एक चांगल्या डॉक्टर बाई होत्या. मीच त्या दोघांना घेऊन गेले.

बाईंनी विचारलं, "आजी, आज वार कुठला?"

"तू डाक्टर, तुना म्हायती," म्हातारी म्हणाली.

"बरं, आपण कितव्या मजल्यावर आहोत?"

"लिफ्टनं आयलू. मना कसा म्हायती?"

मला हसू आवरेना. पण पुढचं हसण्यासारखं नव्हतं. बाईंनी सांगितलेले तीन शब्द तिला थोड्या वेळानं एकही आठवले नाहीत. साल सांगता आलं नाही. वजाबाकी जमली नाही. दादा खुर्चीत चुळबुळत होता. शेवटी उठलाच. "डॉक्टर, प्रश्न चुकलेत तुमचे. ती शालेत गेलीच नाय. साल, वार, वजाबाकी, हे तिचं कधीच नव्हतं. तिच्या घरात येऊन विचारा."

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तुम्ही विचारा."

दादानं आईचा हात धरला. "आये, आज तिथ काय?"

"सष्ठी."

"पानी कवा भरंल?"

"चाराच्या पुरं."

त्यानं मोबाइलवर भरतीची वेळ काढून बाईंपुढे धरली. मग मिठागरात पाणी कसं घेतात, कोंडी, म्हणजे मिठाचे वाफे, कशी तुडवतात, मीठ कधी ओढतात, सगळं विचारलं आणि म्हातारीनं हातवारे करून धडाधड सांगितलं. दादाचा चेहरा असा फुलला होता! एवढ्या वर्षांत ऑफिसमध्ये तो कधी तसा दिसला नव्हता.

बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "छान. हे त्यांना येतंय ह्याचा मलाही आनंद आहे," त्या म्हणाल्या. "पण हे जुनं आहे, आणि जुनं सगळ्यात शेवटी जातं. तुम्ही त्यांना येतं तेच विचारलंत. मला जे बघायचं होतं ते वेगळं. आताचं, इथलं त्यांना कितपत धरून ठेवता येतं, ते. त्यांना एकटं ठेवू नका." मी हे शब्द नीट ऐकले. दादानं "छान" एवढंच ऐकलं. त्याला आई पास व्हायला हवी होती. जगात दुसरं काहीही नको होतं त्याला.

मग दर रविवारी चहाबरोबर त्यानं तिची परीक्षा घ्यायला सुरुवात केली, आणि सोमवारी जिन्याच्या पायरीवर मला निकाल कळायचा. "पास!" एखादा प्रश्न अडला की तो पुढच्या वेळी वेगळ्या तऱ्हेनं विचारायचा. भाडेकरणीचं नाव आठवलं नाही, तर वरची बाई कुठल्या गावची, असं विचारायचा. तेही नाही आलं तर तिच्या घरातून कसला वास येतो, असं. काहीतरी उत्तर यायचंच. पुन्हा पास. मी म्हटलं, "दादा, दिवसभराची बाई ठेव घरात." "कनाला? तिला कोन परकी बाई घरात चालत नाय. आन पास हाय की ती." मला राहवलं नाही. म्हटलं, "पास आहे ना? मग मोडून बघितलंस का? आम्हाला तर घरी जाऊ देत नाहीस."

त्यानं घास खाली ठेवला. "आयेला कसा मोरू गो?" म्हणाला.

आम्ही दोघंही उठून कामाला लागलो.

पुढे एक दिवस चतुर्थी होती. रविवार पुरेनासे झाले होते, तो आता रोज सकाळी निघताना एखादा प्रश्न विचारायचा. नऊच्या सुमाराला बूट घालता घालता त्यानं विचारलं, "आये, आज पानी कवा सुकंल?" म्हातारी म्हणाली, "आताच की. नवाला." ओहोटीची वेळ अगदी बरोबर. तो खूश होऊन रबाळ्याला ऑफिसात आला, मला निकालही सांगितला. दुपारच्या आधी भाडेकरणीचा फोन आला. दार सताड उघडं, आजी घरात नाहीत.

आम्ही रिक्षानं गेलो. गावातली माणसं देवळात, बसस्टॉपवर, बाजारात शोधत होती. दादा घरात शिरला. मागच्या पडवीत एक जुनी टोपली टांगलेली असायची. तिच्या जागी नुसता खिळा. त्या खिळ्याकडे बघत तो म्हणाला, "चतुर्थी हाय. मीच इचारलं तिला." मग जो पळत सुटला तो थेट खाडीकडे.

ओहोटीला चिखलात जाऊन निवट्या मासे आणि चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायचे, हे म्हातारीनं उभ्या आयुष्यात केलेलं काम. पाणी सुकलं हे तिला आठवलं. पण आपले पाय थकलेत, मिठागराच्या जागी आता रस्ते आणि टॉवर आहेत, वाट मोडली आहे, हे नाही आठवलं. तरी तो एवढा रुंद हमरस्ता ओलांडून ती खाडीपर्यंत पोचली कशी, देवालाच ठाऊक. तीनला पाणी भरणार होतं. दादा तिवरांच्या काठानं "आये, आये" ओरडत धावत होता. मी मागे, चपला हातात घेऊन. होडी दुरुस्त करत बसलेले दोन कोळी उठून आमच्याबरोबर आले. त्यांनाच ती दिसली. एका चरात आडवी पडलेली, कमरेपर्यंत चिखल, टोपली छातीशी घट्ट धरलेली. पाणी चरात शिरायला लागलं होतं. कोळ्यांनी फळी टाकली आणि तिला ओढून घेतलं. दादाला बघून ती म्हणाली, "आज कायच नाय घावलं रं." मग कळवळून ओरडली. मांडीचं हाड मोडलं होतं.

ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. आणि जे डोक्यात उरलंसुरलं होतं तेही भराभर गेलं. तिथी गेली, भरती गेली, मीठ गेलं. बाई ठेवली. आता काय उपयोग, असं मला म्हणावंसं वाटलं होतं पण मी जीभ चावली. डॉक्टर बाई म्हणाल्या की आधीपासून औषध आणि सोबत असती तर आणखी काही काळ बऱ्या राहिल्या असत्या. दादानं मान हलवली आणि औषधांची पिशवी उचलली.

पुढे तो ऑफिसात येऊ लागला तेव्हा त्यानं एक विचित्र काम काढलं. इतक्या वर्षांत आपण बदललेल्या सगळ्या परीक्षा पहिल्यापासून उघडायच्या आणि एकेक मोडून बघायची. मॅनेजर म्हणाला, कशाला, सगळं हिरवं तर आहे. दादा म्हणाला, "हिरवं मीच केलंय. म्हनून तर." त्याला एकाच भीतीनं धरलं होतं. आईच्या बाबतीत जे केलं तेच आपण जन्मभर सगळीकडे केलं असेल तर? मी माझं काम बाजूला ठेवून त्याच्याबरोबर बसले. तो चूक घालायचा, मी परीक्षा घ्यायचे. नापास. पुढची. नापास. एकही परीक्षा खोटी निघाली नाही हो. सगळ्या खणखणीत होत्या. शेवटची झाली तेव्हा मी आनंदानं म्हटलं, "दादा, बघ, एकसुद्धा चुकलेली नाही!" त्यानं स्क्रीन बंद केला. म्हणाला, "म्हंजे मना येत होता गो. येत असून नाय केला." मला वाटलं होतं त्याचा जीव हलका होईल. उलटंच झालं. पुढे आई गेल्यावर त्यानं नोकरीच सोडली, आणि माझा अजूनही समज आहे की तो आमच्यातून उठला तो त्या दिवशी.

आई जायच्या आधी मी दर आठवड्याला तळवलीला जायचे. म्हातारी मला ओळखत नसे, त्याचं काही नाही. पण ती दादाला आपला मोऱ्याचा भाऊ समजायला लागली होती. "आयलास रं भावा? कवा नेतंस मना?" आणि हा पठ्ठ्या दरवेळी तिला सांगायचा, "आये, मी तुजा पोर. मामा कवाच वारला." म्हातारीला ते दरवेळी नव्यानं कळायचं. हंबरडा फोडायची. दोन घटकांनी विसरायची आणि पुन्हा, "आयलास रं भावा?" आणि पुन्हा हा तेच सांगायचा. मी एकदा भांडलेच त्याच्याशी. "किती वेळा मारशील तिच्या भावाला? तुला तिनं ओळखायला हवंय म्हणून तिला रडवतोस रोज!" तो म्हणाला, "खोटं कसं बोलू तिच्याशी?" मी म्हटलं, "मला नाही माहीत. पण हे बघवत नाही." आणि तशीच निघून आले.

पुढच्या रविवारी गेले तर तो कॉटच्या कडेला बसून आईच्या तळव्यांना तेल लावत होता. मी दारातच थांबले. म्हातारीनं डोळे उघडले.

"आयलास रं भावा?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. त्याचा हात तिच्या पायावर तसाच थांबला होता.

"आयलू, बाय," तो म्हणाला.

तिचा चेहरा असा उजळला, काय सांगू! "होरी कुठं लावलीस?"

"हितंच. खारीला."

"जेवलास?"

"जेवलू."

मग तिनं दाराकडे पाहिलं, पण मी कोण ते तिला कळलं नसावं. तिनं त्याची बाही धरून त्याला जवळ ओढलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "पोर घरान हाय का?"

दादा तिच्याजवळ वाकला. "नाय," म्हणाला. "कामाला जेलाय."

"मंग आयक. तुनाच सांगतंय. मी चिखलान परलू. त्याला नको सांगू." तिला धाप लागत होती. "त्याला वाटंल, त्याच्यामुलं झाला. लय घोर लावून घेतंय तो. झोपाचा नाय. त्याला मी सांगितलंय, पाय जिन्यान मुरगालला."

दादाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते त्यानं पुसलं नाही. तिनं त्याची बाही हलवली.

"काय रं? सांगशील त्याला?"

"नाय सांगत, बाय."

"गल्याची आन घे."

दादानं गळ्याला हात लावून आन घेतली, आणि पोराला यातलं काहीही कळणार नाही असं तिला वचन दिलं.